घरात ताप शिरला की आधी कोणाकडे बघायचं

गेल्या वर्षभरात ज्याला एकदाही सर्दी झाली नाही तो घरातला सगळ्यात दणकट माणूस, हा हिशेब आधी डोक्यातून काढा. मी सरकारी नोकरीत नर्स होते. बराच काळ जुन्नर तालुक्यातल्या आरोग्य केंद्रात, शेवटची वर्षं पुण्यात. दोन्हीकडे उलटंच पाहिलं. बालवाडीत जाणारं पोर वर्षातून सहा-आठ वेळा शेंबडं होतं. आई कंटाळून म्हणते, "सिस्टर, याच्यात प्रतिकारशक्तीच नाही, काहीतरी टॉनिक द्या." आणि पोर चौथ्या दिवशी अंगणात धावत असतं. त्याच घरातले आजोबा सांगतात, "मला काऽही होत नाही." खरंच त्यांना सर्दी क्वचित होते, कारण आजूबाजूला फिरणारे बरेचसे विषाणू त्यांच्या शरीराने कधी ना कधी पाहिलेले असतात. पण जुलैत फ्लूची साथ आली की ऑक्सिजन लागतो तो आजोबांना.

म्हणजे पटकन लागण होणारा माणूस वेगळा आणि लागण झाल्यावर कोसळणारा माणूस वेगळा. 'प्रतिकारशक्ती चांगली' किंवा 'वाईट' असा एकच शिक्का मारून काही कळत नाही. घरातल्या प्रत्येकाबद्दल तीन प्रश्न सुटे सुटे विचारायचे. विषाणू याच्यापर्यंत किती पोचतो? पोचला तर नाका-घशात ठाण मांडतो का? आणि मांडलंच तर याचं शरीर ते किती सोसेल? तिन्हींची उत्तरं वेगळी आणि त्यावरचे उपायही वेगळे. ही तयारी साथ येण्याआधी करायची, म्हणजे आपल्याकडे एप्रिल-मेमध्येच.

आधी कागद करा

एक मोठा कागद घ्या आणि घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहा, मोलकरीण किंवा दिवसभर घरी असणाऱ्या सांभाळणाऱ्या बाईंसकट. नावापुढे वय लिहू नका, जन्मसाल लिहा. मग मधुमेह, दमा, हृदयाचा किंवा किडनीचा आजार, गरोदरपण, खूप जास्त वजन, कॅन्सरचे उपचार, रोजच्या स्टेरॉइडच्या गोळ्या, यांतलं जे असेल ते. विडी-सिगारेट खरी खरी लिहायची, 'कधीतरी' असं नाही. चुलीपुढे वर्षानुवर्षं बसलेल्या बाईच्या नावापुढे 'धूर' लिहा, तिने आयुष्यात विडी ओढली नसली तरी. तिची फुप्फुसं विडी ओढणाऱ्यासारखीच खराब झालेली मी पाहिली आहेत, आणि तिला कोणी विचारतसुद्धा नाही. कोणत्या लशी कधी घेतल्या ते लिहा. शेवटी, कोण कोणत्या खोलीत झोपतं आणि दिवसभर कुठे असतं: शाळा, लोकल, बँकेचं काउंटर, शेत.

जन्मसाल कशासाठी, असं मला हटकून विचारतात. २००९ साली स्वाइन फ्लू आला तेव्हा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, ३ ऑगस्टला, एका शाळकरी मुलीचा. त्या आठवड्यात नायडू हॉस्पिटलबाहेर तपासणीसाठी लागलेल्या रांगा पुणेकर विसरलेले नाहीत. मला तेव्हा तपासणीची ड्युटी लागली होती. आम्ही नेहमीच्या सवयीने म्हाताऱ्यांकडे आधी बघत होतो, आणि गंभीर होत होते तिशी-चाळिशीतले, गरोदर बाया, अंगाने जाड तरुण. कारण नंतर स्पष्ट झालं. १९१८ पासून १९५७ पर्यंत फ्लूचा एच१एन१ हाच प्रकार जगभर फिरत होता, आणि स्वाइन फ्लूही त्यातलाच. त्या काळात लहानपण गेलेल्या बऱ्याच लोकांच्या रक्तात त्याच्याशी जुळणारी प्रतिपिंडं (विषाणू ओळखून अडवणारी प्रथिनं, अँटिबॉडी) अजून शिल्लक होती. साठीपुढच्या साधारण तिघांत एकाकडे. तरुणांकडे ती जवळपास नव्हतीच.

फ्लूच्या बाबतीत लहानपणी पहिल्यांदा भेटलेला प्रकार शरीर जन्मभर लक्षात ठेवतं. २०१६ साली शास्त्रज्ञांनी बर्ड फ्लूच्या रुग्णांची जन्मसालं मांडून पाहिली. १९६८ च्या आधी जन्मलेल्यांना त्यातला एच५एन१ हा प्रकार फारसा गंभीर झाला नव्हता आणि नंतर जन्मलेल्यांना एच७एन९ हा दुसरा प्रकार. त्यामुळे 'या साथीत कोण धोक्यात' हे दर वेळी नव्याने ऐकायचं. गेल्या साथीचं उत्तर या साथीला चालेलच असं नाही.

पहिला प्रश्न: विषाणू किती पोचतो

यात शरीराचा दोष कमी आणि जागेचा जास्त. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट परगण्यात १० मार्च २०२० ला एका गायनवृंदाची तालीम झाली. ६१ माणसं, बंद सभागृह, अडीच तास गाणं. त्यांतली ५३ कोविडने आजारी पडली. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. त्याच वर्षी घराघरांतल्या लागणीचे ५४ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा एक रुग्ण असलेल्या घरात बाकीच्या सहांपैकी जेमतेम एकाला कोविड झाला होता. नवरा-बायकोत मात्र ते प्रमाण इतर नातेवाइकांच्या दुपटीहून जास्त. (पुढचे अवतार जास्त पसरले, हे खरं.) विषाणू तोच. कोणी किती वेळ, किती कोंदट हवेत, किती जवळ घालवला, यावर सगळं फिरलं. शिवाय सगळे रुग्ण सारखा विषाणू सोडत नाहीत. काही जण घरभर फिरूनही कोणाला देत नाहीत आणि एखादा बसल्या बैठकीत दहा जणांना देतो. बाहेरून बघून हे ओळखता येत नाही.

मुंबईत १९१८ च्या फ्लूमध्ये त्या काळच्या सरकारी नोंदींत 'खालच्या जाती' म्हणून टाकलेल्या लोकांत हजारी साठच्या वर माणसं गेली आणि युरोपियनांत आठच्या आसपास. रक्तात एवढा फरक नसतो. दहा बाय दहाची खोली, आजारी असतानाही कामावर जाण्याची सक्ती, अर्धपोटी शरीर आणि पाणी द्यायलाही कोणी उठू न शकणं, एवढ्यानेच आकडा सातपट होतो.

इथे करायचं काय? रुग्णाला जमल्यास वेगळी खोली. एकच खोली असेल तर त्याची झोपायची जागा खिडकीशी आणि टेबलफॅन खिडकीकडे तोंड करून, म्हणजे हवा बाहेर फेकली जाईल. फॅन रुग्णाच्या मागून घरात वारा मारत असेल तर बंद करा. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट चालू ठेवा. एसी लावून दारं-खिडक्या बंद करणं साथीच्या दिवसांत सोडून द्या. रुग्णाजवळ जाताना एन९५ मास्क, नाकाच्या पुलावर दाबून बसवलेला. पदराने काही होत नाही. पुष्कळदा लोक म्हणतात, "आता काय उपयोग, लागायचं ते लागलं असेल." फ्लूचा माणूस लक्षणांच्या आदल्या दिवसापासूनच विषाणू सोडतो, ते बरोबर आहे. तरी आजपासून अंतर ठेवलेलं वाया जात नाही. आदल्या दिवशीचा थोडा संपर्क आणि पुढचे पाच दिवस एकाच खोलीत झोपणं, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता सगळ्यात नाजूक मुद्दा: रुग्णाची सेवा कोणी करायची? आपल्याकडे हे ठरलेलंच असतं. सून. ती सात महिन्यांची गरोदर असली तरी सून, तिला दमा असला तरी सून. कागद बाहेर काढा आणि ज्याच्या नावापुढे सगळ्यात कमी खुणा आहेत तो माणूस ठरवा. बहुतेक घरांत तो पंचविशीतला, लस घेतलेला, धडधाकट मुलगा निघतो. त्याला गरम पाणी आणि पेज करता येते, नसेल तर शिकेल. सेवा करणारा एकच असू दे. सगळ्यांनी पाळीपाळीने डोकावणं बंद.

दुसरा प्रश्न: ठाण मांडतो का

एकाच मात्रेचा विषाणू दिला तरी सगळे आजारी पडत नाहीत. हे अंदाजाने सांगत नाही, मुद्दाम करून पाहिलेलं आहे. इंग्लंडमध्ये सॉल्सबरीजवळ १९४६ पासून चार दशकांहून जास्त काळ सर्दीचं संशोधन केंद्र होतं. स्वयंसेवक तिथे राहायला जायचे, नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब घालून घ्यायचे आणि शिंका येतात का याची वाट बघायचे. फुकट राहणं-जेवण असल्याने लोक सुट्टीसारखे जायचे म्हणे. २०२१ मध्ये लंडनला कोविडचा असाच प्रयोग झाला: १८ ते २९ वयाचे निरोगी तरुण, लस नाही, आधी आजार नाही, प्रत्येकाच्या नाकात तोच एक बारीक थेंब. हिशेबात धरलेल्या ३४ जणांपैकी १८ जणांना लागण झाली आणि १६ जणांना नाही. नंतर त्यांच्या नाकातल्या पेशी तपासल्या तेव्हा दिसलं, की विषाणू लवकर झटकून टाकणाऱ्या काहींच्या नाकात प्रतिकाराची धावपळ फार लवकर सुरू झाली होती आणि लागण पक्की झालेल्यांच्या नाकात इंटरफेरॉनची हाक उशिरा उठली होती. इंटरफेरॉन म्हणजे पेशीने शेजारच्या पेशींना पाठवलेला 'विषाणू आलाय' हा रासायनिक निरोप. कोविडमध्ये लहान मुलं सुटली याचं एक कारण हेच, त्यांच्या नाकात ही यंत्रणा आधीपासून जागी असते.

यातलं आपल्या हातात फारसं नाही. जे आहे त्यात झोप पहिली. अमेरिकेत १६४ जणांची झोप मनगटावरच्या यंत्राने आठवडाभर मोजली आणि मग नाकात सर्दीचा विषाणू घातला. सात तासांपेक्षा जास्त झोपणाऱ्यांच्या तुलनेत सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता चौपटीहून जास्त निघाली. मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन यांच्या १९९१ च्या अशाच सर्दीच्या प्रयोगात ताण जितका जास्त तितकी लागण जास्त, अशी सरळ चढती ओळ दिसली होती. तेव्हा आजारी माणसाच्या उशाशी रात्रभर जागणाऱ्याला दुपारी दार लावून झोपू द्या. परीक्षेच्या महिन्यातली मुलं आणि रात्रपाळीवाले यांच्या नावापुढे कागदावर एक बारीक फुली घाला.

आणि लस. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू बदलत राहतो. आपल्या भागात फ्लूचा मोठा भर पावसाळ्यात असतो, थंडीत नाही. म्हणून ती एप्रिल-मेमध्ये घ्यायची. युरोप-अमेरिकेतले नातेवाईक ऑक्टोबरात घेतात म्हणून आपण तोवर थांबायचं नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ती देता येत नाही. गरोदरपणी आईने घेतली तर तिची प्रतिपिंडं बाळाला पहिले काही महिने पुरतात.

काढ्याबद्दल विचारणार, माहीत आहे. आलं-तुळस-गवती चहा घशाला बरं वाटतं, मीही पिते. पण त्याने वरच्या तीनपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर बदलत नाही. आणि मधुमेहाच्या माणसाला दिवसातून चार वेळा गुळाचा काढा पाजू नका.

एक खूण लोक विसरतात. गोवर. गोवराचा विषाणू शरीराची जुनी आठवण पुसतो. २०१९ साली नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या मुलांचं रक्त गोवराआधी आणि नंतर तपासलं, तेव्हा इतर जंतूंविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं गायब झालेली आढळली. असं मूल बरं झालं तरी पुढची दोन-तीन वर्षं न्यूमोनियाला सोपं सावज असतं. २०२२ च्या हिवाळ्यात गोवंडीत गोवराची साथ आली तेव्हा दाट वस्ती, राहिलेले डोस आणि कुपोषण हे तिन्ही एकाच ठिकाणी होतं. तुमच्या मुलाचे गोवर-रुबेलाचे दोन डोस, एक नऊ ते बारा महिन्यांत आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत, झालेत का ते लसीकरण कार्डावर आज बघा. आठवणीवर जाऊ नका.

तिसरा प्रश्न: सोसेल किती

तान्ह्या बाळाचा त्रास नळीच्या रुंदीचा आहे. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर हवेला होणारा अडथळा दुप्पट नाही, सोळापट होतो. मोठ्या माणसाला जी सूज नुसती खोकला देते, तीच बाळाचा श्वास अडवते. आरएसव्ही नावाचा विषाणू दोन वर्षांच्या आत जवळजवळ प्रत्येक मुलाला गाठतो. थोरल्या भावंडाचं नाक वाहतं, धाकट्या तीन महिन्यांच्याला दवाखाना. म्हणून शाळेतून आलेल्या ताईने बाळाचा पापा घेण्याआधी तोंड-हात धुवायचे, आणि नाक वाहत असेल तर पापाच नाही.

गरोदर बाईचं पोट वर सरकतं तसा छातीचा पडदा दाबला जातो आणि ऑक्सिजनची गरज मात्र वाढलेली असते. विडी आणि धुराने श्वासनळीतले कफ वर ढकलणारे बारीक केस निकामी होतात. वाढलेल्या साखरेत पांढऱ्या पेशी सुस्तावतात. आईच्या 'साखर थोडी वाढलेली असते' यातल्या 'थोडी'चा साथीच्या आधी एकदा रक्त तपासून आकडा काढा. बदलता येईल अशी ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे.

आणि काही माणसं निरोगी दिसत असताना कोसळतात. त्यामागचं एक कारण २०२० मध्ये हाती लागलं. कोविडने जिवावर बेतलेल्या दहांपैकी एकाच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडं होती. त्यांतले बहुतेक पुरुष, आणि सत्तरीनंतर हे प्रमाण चढतं. त्याच वर्षी ह्युगो झेबर्ग आणि स्वांते पाबो या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की तिसऱ्या गुणसूत्रावरचा धोका वाढवणारा एक तुकडा निअँडरथल मानवांकडून आलेला आहे. युरोपात तो सहांपैकी एकाकडे, आपल्या दक्षिण आशियात साधारण निम्म्यांकडे. याची तपासणी करत बसायचं नाही. पण सख्खा भाऊ किंवा वडील तरुणपणी फ्लूने किंवा कोविडने व्हेंटिलेटरवर गेले असतील, तर कागदावर तसं लिहा आणि डॉक्टरांना आपण होऊन सांगा.

इथेच 'प्रतिकारशक्ती वाढवा' या पाटीवरचा माझा राग. गंभीर कोविडमध्ये बऱ्याचदा शरीराची स्वतःची प्रतिक्रिया आवरेना म्हणून फुप्फुसं गेली. ब्रिटनच्या 'रिकव्हरी' नावाच्या औषध-चाचणीत डेक्सामेथासोनने, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या स्टेरॉइडने, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी केले. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना मात्र काही फायदा झाला नाही. तरी २०२१ मध्ये लोकांनी पहिल्या तापालाच मेडिकलमधून स्टेरॉइड आणून घेतलं, साखर भडकली आणि महाराष्ट्रात काळ्या बुरशीच्या रुग्णांनी वॉर्ड भरले. जुन्या चिठ्ठीवरची ती गोळी घरात असेल तर लपवून ठेवा.

ताप आल्यावर

कागदावर खुणा असलेल्याला आणि नसलेल्याला एकच नियम लावू नका. बिनखुणेच्या तरुणाला तापाची गोळी, पाणी, विश्रांती, आणि तीन दिवसांत ताप उतरला नाही किंवा उतरून पुन्हा चढला तर दवाखाना. पासष्टीपुढचे, गरोदर, मधुमेही, दम्याचे, दोन वर्षांच्या आतले यांना साथ चालू असताना पहिल्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. फ्लूवरचं ओसेल्टामिव्हिर लक्षणांच्या पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त कामाचं असतं, आणि आपल्याकडे ते ४८ तास 'उद्या बघू'मध्ये जातात.

म्हाताऱ्या माणसाला ताप येईलच असं धरू नका. जेवण टाकणं, अचानक असंबद्ध बोलणं, बाथरूमपर्यंत जाताना तोल जाणं, हीच कधीकधी न्यूमोनियाची पहिली बातमी असते. ऑक्सिमीटर लावताना बोट गरम हवं, नेलपॉलिश नको, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. ९४ किंवा खाली असेल तर लगेच डॉक्टर. आकडा ठीक असेल तर खोलीत सहा मिनिटं चालवून पुन्हा लावा. तीन किंवा जास्त अंकांनी खाली आला तरीही डॉक्टर. ज्यांना आधीपासून फुप्फुसाचा जुना आजार आहे त्यांचा बरे असतानाचा आकडा आजच कागदावर लिहून ठेवा, नाहीतर त्या दिवशी तुलना कशाशी करणार?

मुलाचा श्वास मोजायला यंत्र लागत नाही. मूल शांत किंवा झोपलेलं असताना अंगरखा वर करा, मोबाइलवर एक मिनिट लावा आणि पोट किती वेळा वर येतं ते मोजा. पूर्ण मिनिट, अर्धं मोजून दुप्पट करायचं नाही. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त असेल तर श्वास जलद आहे, त्याच दिवशी दाखवा. बरगड्यांखाली खळगा पडत असेल, नाकपुड्या फुलत असतील, ओठ निळसर दिसत असतील, बाळ दूध ओढत नसेल किंवा उठवूनही उठत नसेल तर मोजत बसू नका, १०८ ला फोन करा. पोटावर बिब्बा, चटके, डाग काहीही नाही, आजी कितीही म्हणाली तरी.

निघताना तो कागद बरोबर घ्या. रात्री दोन वाजता ड्युटीवरचे डॉक्टर औषधं, लशी आणि जुने आजार विचारतात तेव्हा घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या वडिलांच्या साखरेच्या गोळीचं नाव आठवत नाही. कागदाचा फोटो घरातल्या दोघांच्या तरी मोबाइलमध्ये ठेवा, आणि दरवर्षी फ्लूची लस घ्यायला जाल त्याच दिवशी तो नवा करा.